मधलीच्या सालाचं नाणं

मधली बहीण येणार म्हणून थोरल्यानं सकाळी दुकानाची काच स्वतः पुसली, आणि बायकोच्या लक्षात येऊ नये म्हणून तिच्याकडे पाठ करून पुसली. तिच्या ते अर्थातच लक्षात आलं.

"एरवी कधी फडक्याला हात लावत नाही तुम्ही," ती म्हणाली.

"डॉक्टर येणार आहेत."

"डॉक्टर दोन वर्षं येतायत. तेव्हा काच अशीच होती."

थोरल्यानं फडकं झटकलं आणि विषय बदलायचा म्हणून वर पाटीकडे बघितलं. विषय बदलायला याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. 'नाणेवाले आणि पुत्र' असं पाटीवर वडिलांनी ठसठशीत रंगवून घेतलं होतं, आणि गेले आठ दिवस घरात जी धुसफूस चालली होती ती त्यातल्या शेवटच्या शब्दावरूनच.

दातांच्या डॉक्टरांना एकाच किमतीच्या नाण्यांची सलग माळ हवी होती. एकही साल गाळायचं नाही आणि प्रत्येक नाणं कोरं. कोरं म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर कुणाच्या खिशात, मुठीत, गल्ल्यात गेलेलंच नाही असं. थोरल्यानं एक सोडून सगळी सालं जमवली. पण माळ पुरी झाली तर डॉक्टर सगळी घेणार होते, नाही झाली तर एकही नाही. आणि ही माळ गेली नाही तर वर्षभरात या काचेमागे मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसतील, हे थोरल्याला ठाऊक होतं. धाकट्यानं तर कव्हरांच्या एका घाऊक व्यापाऱ्याशी बोलणंही करून ठेवलं होतं.

राहिलेलं साल मधलीच्या जन्माचं. त्या वर्षी धातूची टंचाई होती, टांकसाळीनं थोडीच नाणी पाडली आणि पुढं त्यातलीही बरीचशी परत घेऊन वितळवली. "हिनं येतानाच टंचाई आणली," असं वडील गमतीनं म्हणायचे, आणि मधली सोडून सगळे हसायचे.

थोरल्यानं शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. टांकसाळीच्या विक्री खिडकीवर गेला, तर तिथल्या बाईंनी चालू वर्षाचा संच पुढं केला आणि जुन्या सालांसाठी नाणी विकणाऱ्या दुकानात जा म्हणून सांगितलं. बँकेत एका निवृत्त कॅशियरला गाठलं. कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या न फोडलेल्या गुंडाळ्या तिजोरीच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून असतात हे खरं होतं, फक्त ती तिजोरी गेल्या वर्षीच साफ झाली होती. ओळखीच्या व्यापाऱ्यांपैकी एकानं छातीठोकपणे पाठवलं ते अ‍ॅसिडमध्ये बुडवून काढलेलं निघालं. इंटरनेटवर एकानं 'कोरं, फक्त एकदाच वापरलेलं' अशी जाहिरात दिली होती. दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं एक नाणं परदेशात होतं, त्यात नाणं खरं, डबी खरी, आणि किंमत ऐकल्यावर आलेली चक्करही खरी. शेवटी एक म्हातारे संग्राहक वारल्याचं वाचून थोरला खिशात भिंग टाकून सांत्वनाला गेला. त्यांच्या पत्नीनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमच्याआधी दोघं येऊन गेले. कपाट रिकामं आहे, हवं तर बघा."

मग धाकट्याला ताईचं, म्हणजे मधलीचं, पाकीट आठवलं.

वडिलांची एक पद्धत होती. मूल जन्मलं की त्या सालचं एक कोरं नाणं बाजूला काढायचं, आणि सोळावं वर्ष लागलं की ते पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर दुकानाचा गोल शिक्का मारून मुलाच्या हातात द्यायचं. थोरल्यानं आपलं पाकीट गल्ल्यावर बसायला लागला त्याच महिन्यात विकलं आणि शाबासकी मिळवली. धाकट्यानं आपल्या नाण्याला भोक पाडून ते मोटारसायकलच्या किल्लीला लावलं, तेव्हा वडिलांनी त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. मधलीनं पाकीट उघडलंच नाही. पुढं तिनं गल्ल्यावर बसायचं म्हटलं तेव्हा वडिलांनी तिला हात धरून बाहेर नेलं, पाटी वाचायला लावली आणि विचारलं, "यात तू कुठं आहेस?" मधली वाचून आत आली, बॅग भरली आणि दुसऱ्या शहरात एका लिलावघरात चिकटली. आज तिथं नाण्यांचा दर्जा तिच्या सहीशिवाय ठरत नाही. घरी ती येत असे ती आईला भेटायला, आणि दुकानाच्या दारानं नाही, बाजूच्या जिन्यानं.

थोरल्यानं फोन केला तेव्हा ती फार बोलली नव्हती.

"पाकीट आहे का गं अजून?"

"आहे."

"उघडलंस?"

"नाही."

"विकशील?"

"विकणार नाही. देईन. पाटी बदल, आणि दुकानात मला तिसरा हिस्सा दे. धाकट्याइतकाच."

"पाटीवर काय लिहू?"

"'आणि मुलं' लिही. अक्षरंही फार लागत नाहीत."

थोरला हो म्हणाला. नाही म्हणून करतो काय.

*

दुकानाच्या वरच्या खोलीत आई खिडकीशी बसली होती. तिला खाली आणायचं कारण नव्हतं, पण वर सगळे जमायला कारण तीच होती. जागा तिच्या नावावर होती, वडिलांनी कर वाचवायला तशी घेतली होती, त्यामुळे भागीदारीच्या कागदांवर तिची सही लागणार होती. सही कुठं करायची ते थोरल्यानं पेन्सिलीनं फुली मारून दाखवलं होतं. सही करायची का, असं मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

वहिनी, थोरल्याची बायको, चहा घेऊन आली तेव्हा मधली खुर्चीत ताठ बसली होती. केस पिकलेले, साधी साडी, हातात एक कापडी पिशवी. बाईनं ओठ मिटले की थेट सासरे दिसतात, हे वहिनीच्या मनात आलं आणि तिला ते आवडलं नाही. तीस वर्षं या दुकानाची रद्दी वहिनीनं घातली, गिऱ्हाइकं सांभाळली, नवऱ्याचे रुसवे काढले आणि स्वतः मात्र 'पुत्र'मध्येही नव्हती आणि 'मुलं'मध्येही बसणार नव्हती.

"तीन हिस्से म्हणजे कसं?" धाकट्यानं चहाचा घोट घेऊन विचारलं. तो मोटार ड्रायव्हिंग शिकवायचा, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत मध्येच ब्रेक दाबायची त्याला सवय होती. "आत्ता अर्धा-अर्धा आहे. म्हणजे मी अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्शावर येणार?"

"आठ दिवस तूच ताई-ताई करत होतास," थोरला म्हणाला.

"ताई यावी असं मला वाटत होतं. हिस्सा तुझ्यातून जाईल असं वाटत होतं."

"अगदी बरोबर आहे भाऊजींचं," वहिनी म्हणाली. दिवाणखान्याच्या पडद्यांवरून झालेल्या वादापासून ती धाकट्याशी नीट बोललीही नव्हती. "ज्यांनी दुकान चालवलं त्यांच्यातूनच का कापायचं?"

मधलीनं पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, तोंडावरचा गोल शिक्का मात्र जसाच्या तसा होता. वडिलांच्या प्रत्येक पाकिटावर त्यांच्या तिरप्या अक्षरात साल आणि दर्जा लिहिलेला असे. यावर साल होतं, तेही रबरी अंकांच्या शिक्क्यानं उमटवलेलं. हे मधलीनं सोळाव्या वर्षीच पाहिलं होतं आणि वडील घाईत असतील अशी स्वतःची समजूत घातली होती. आयुष्यभर तिनं जगाच्या नाण्यांचा दर्जा ठरवला, त्यात मंत्र्यांच्या आणि जवाहिऱ्यांच्या पेट्या येऊन गेल्या, पण हे एक पाकीट तिनं कधी उजेडातही धरलं नाही. वडिलांनी आपल्यासाठी काही राखून ठेवलं होतं याचा तेवढा एकच पुरावा तिच्याजवळ होता आणि तो फोडायची तिला भीती वाटत होती. ती आज फोडायला तयार झाली ती पाटीसाठी. घरात आपलं नाव असावं हे तिला या वयातही हवं होतं, आणि हवं आहे याची लाज वाटण्याचं वय निघून गेलं होतं.

"कशाला उघडायचं ते," आई खिडकीतून म्हणाली.

"डॉक्टर बघितल्याशिवाय कसं घेतील, आई?"

"तसंच द्या म्हणावं. शिक्का आहे ना त्याच्यावर. त्यांच्या शिक्क्यावर लोक घ्यायचे."

"ते दिवस गेले आता," थोरला म्हणाला.

"मग देऊ नका. मधले, तू ते परत घेऊन जा."

"आई, तिकडं पाटी रंगवणारा ठरवलाय मी," थोरला वैतागला. म्हातारं माणूस कशालाही हात घालू देत नाही असं त्याला वाटलं. आईनं तोंड खिडकीकडे वळवलं. तिला कमी ऐकू येतं असं घरात सगळे धरून चालत, आणि सोयीचं असे तेव्हा तीही धरून चाले.

*

डॉक्टर बुटके, नीटनेटके गृहस्थ होते. जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावून झीज बघितल्यामुळे त्यांचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. त्यांनी बाकीची नाणी ओळीनं मांडलेली पाहिली, मधल्या रिकाम्या खळग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तर हा दात बसवायचा राहिलाय."

थोरल्यानं टेबलावर मऊ कापड पसरलं, सुरीनं पाकिटाचं तोंड उघडलं आणि नाणं कापडावर घेतलं. ते चकचकीत होतं. धाकट्यानं हुश्श केलं. थोरल्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि तसाच राहिला.

टांकसाळीची चमक नाण्याच्या आतून फिरते, तिरपं धरलं की उजेड गोल सरकतो. इथं उजेड जागच्या जागी बसला होता. उठावाचे उंच भाग सपाट झाले होते, कडेचे दाते बोथट होते आणि सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेनं गेलेले बारीक ओरखडे होते. हे नाणं वर्षानुवर्षं बाजारात फिरलं होतं. आणि पाकीट तर त्यानं स्वतः आत्ता फोडलं होतं. म्हणजे वडिलांनी, ज्यांनी दर्जाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सवलत दिली नव्हती त्यांनी, मुलीला हे दिलं होतं.

"काय म्हणताय?" डॉक्टरांनी विचारलं.

थोरल्यानं बहिणीकडे पाहिलं. ती नाण्याकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कोरं आहे," तो म्हणाला.

हे तो का बोलला हे पुढं त्यालाही नीट सांगता आलं नाही. बहिणीसाठी बोलला हे खरं होतं आणि माळेसाठी बोलला हेही खरं होतं, आणि दोन्ही कारणं एकाच शब्दात मावल्यामुळे तो बोलून गेला.

डॉक्टरांनी स्वतःचं भिंग काढलं, पाहिलं आणि मधलीकडे वळले. "बाई, तुम्हाला मी ओळखतो. तुमच्या लिलावघरातून मी घेतो ते तुमचं नाव बघून. तुम्ही बघता का जरा?"

"त्यांच्या घरचं आहे, त्यांनी कशाला," वहिनी घाईनं म्हणाली. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला होता आणि काहीतरी बिघडलंय एवढं तिला कळलं होतं.

मधलीनं भिंग घेतलं. तिला बघायला फार वेळ लागला नाही. हो म्हटलं तर पाटी, हिस्सा, सगळं तिचं होणार होतं, आणि तिच्या 'हो'वर डॉक्टरांनी पुन्हा भिंग उचललं नसतं. तिनं नाणं कापडावर ठेवलं आणि लिलावघरात बोलायची त्याच आवाजात बोलली.

"बाजारात चाललेलं आहे. बरंच. वर कुणीतरी घासलंय, राखेनं नाहीतर..."

"टूथपावडरीनं," आई म्हणाली.

सगळे वळले. डॉक्टरही वळले, ते बहुधा टूथपावडरीमुळे.

"मीच घासलं," आई म्हणाली. "तुझ्यासाठी नाणं ठेवायचं त्यांचं राहून गेलं होतं. राहून गेलं असं मी म्हणते. थोरल्याच्या वेळी मी दवाखान्यात जायच्या आधीच त्यांनी काढून ठेवलं होतं, आणि धाकट्याच्या वेळी दोन ठेवली, एक हरवलं तर असावं म्हणून. तुला सोळावं लागायला आलं तेव्हा मी म्हटलं, पोरीचं पाकीट? तर म्हणाले, असलं नाणं नंतर शोधून मिळत नाही, वेळेवर ठेवावं लागतं. मला शिकवत होते."

"मग?" मधलीनं विचारलं.

"मग मी शोधलं. दूधवाला, भाजीवाला, कुणी मोड दिली की साल बघायचं. पावसाळाभर तेच केलं. दोन बसगाड्या सोडून तिसरीत चढायचे, वेगळा कंडक्टर मिळावा म्हणून. शेवटी एकाच्या चामडी पिशवीत सापडलं. काळं पडलं होतं. मला काय ठाऊक, मला वाटलं चकचकीत असतं ते कोरं. म्हणून घासलं. आणि मला तसलं तिरपं अक्षर काढता येईना, म्हणून रबरी शिक्का मारला."

"बाबांना माहीत होतं?"

"मी शिक्का मारत होते तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. वाढदिवसाला तुझ्या हातात मात्र त्यांनीच दिलं."

मधलीला राग आला. इतक्या वर्षांचा जुना राग तिच्या ओळखीचा होता, हा नवा होता, आणि ज्याच्यावर यायचा तो माणूस ऐकायला नव्हता. आणि त्याच वेळी आईकडे बघणं तिला अशक्य झालं, कारण बघितलं असतं तर परक्या माणसासमोर ती रडली असती.

डॉक्टरांनी आपलं भिंग खिशात ठेवलं. "तुम्ही मला कोरं म्हणालात," ते थोरल्याला म्हणाले. आवाज चढवला नाही. "बाकीची नाणीही मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्यावी लागतील," असं म्हणून त्यांनी आईला नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. चहा तसाच राहिला.

"गेली माळ," धाकटा म्हणाला.

"माळ नाण्यानं नाही गेली," वहिनी नवऱ्याला म्हणाली. सकाळपासून ज्या बाजूला ती होती तिथून ती आता उठली होती. "तुम्ही चाललेलं म्हणाला असतात तर ते चहा पिऊन गेले असते. आणखी शोधा म्हणाले असते. वन्संना पाटी हवी होती तरी त्यांनी खरं सांगितलं, आणि तुम्ही पाटीखाली बसून..." तिनं वाक्य पुरं केलं नाही आणि कपबशा गोळा करायला लागली.

थोरला खाली मान घालून बसला होता. पण व्यापाऱ्याचा मुलगा होता, मान खाली असली तरी व्यवहार डोक्यात होता. "मधले, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं. "पण पाटीचं ठरलं होतं ते कोऱ्या नाण्यावर ठरलं होतं."

"हो," मधली म्हणाली. "मान्य आहे." ती पिशवी उचलायला वाकली.

"मान्य काय," आई म्हणाली. "कागद इकडं आण रे."

थोरल्यानं कागद नेले. आईनं पेन्सिलीची फुली शोधली, पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. "यात तिघांची नावं आहेत ना? मग याच्यावर करते. दोघांची असलेल्या कागदावर करणार नाही. नवे कागद करून आणलेस तरी नाही."

"पण नाणं कोरं निघालं नाही, आई."

"तुझं कुठाय?" आईनं विचारलं. मग धाकट्याकडे बघून म्हणाली, "आणि याचं?"

धाकट्याचा हात नकळत किल्लीच्या खिशाकडे गेला आणि त्यानं तो परत घेतला. आईनं सही केली. ती फुलीच्या बरीच खाली गेली, पण चालण्यासारखी होती.

मधली उभीच होती. थोड्या वेळानं ती टेबलाशी येऊन बसली, नाणं चिमट्यानं उचलून पाकिटात घातलं आणि भावाकडे पेन मागितलं. त्यानं वडिलांचं दौतीचं पेन दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं आणि आईच्या हातातलं घेतलं. मग पाकिटावर, जिथं दर्जा लिहायचा तिथं, तिनं सावकाश लिहिलं.

"काय लिहिलंस?" आईनं विचारलं. "मला दिसत नाही इथून."

मधलीनं वाचून दाखवलं, "चाललेलं. घासलेलं. विक्रीसाठी नाही."

"घासलेलं कशाला लिहायचं? लोकांना काय करायचंय?"

"लिहावं लागतं, आई," मधली म्हणाली. "त्यामुळेच तर विकायचं नाहीये."